सँडहिल क्रौंचांचे हिवाळी स्थलांतर

सँडहिल क्रौंच (शास्त्रीय नाव: ॲंटिगोनी कॅनाडेन्सिस) हा उत्तर अमेरिका आणि ईशान्य सायबेरिया येथे वीण करणारा क्रौंच कुळातील मोठा पक्षी आहे. जगात आढळणाऱ्या क्रौंचांच्या १५ जातींपैकी ही संख्येने सर्वांत मोठी जात असून तिची एकूण संख्या दहा लाखांच्या घरात मानली जाते. या पक्ष्यांचा मोठा भाग दर शरद ऋतूत कॅनडा, अलास्का आणि सायबेरियातील वीणक्षेत्रे सोडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा दक्षिण भाग व उत्तर मेक्सिको येथे हिवाळा घालवण्यासाठी येतो आणि फेब्रुवारीपासून परतीला लागतो. परतीच्या वाटेवर नेब्रास्का राज्यातील प्लॅट नदीवर होणारा त्यांचा मेळा जगप्रसिद्ध आहे. मात्र तो हिवाळी मुक्काम नव्हे, वसंतातील थांबा आहे. या दोहोंची गल्लत पर्यटनविषयक लिखाणात नेहमी होते आणि त्यामुळे डिसेंबरमध्ये नेब्रास्काला जाणाऱ्याची निराशा होण्याचा संभव असतो.

नाव आणि वर्गीकरण

कार्ल लिनियसने १७५८ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याने त्याला बगळ्यांच्या प्रजातीत घातले होते. पुढे दीर्घकाळ हा पक्षी ‘ग्रुस’ या प्रजातीत गणला गेला. एकविसाव्या शतकात झालेल्या जनुकीय अभ्यासानंतर त्याचा समावेश ‘ॲंटिगोनी’ प्रजातीत करण्यात आला. भारतातील सारस, पूर्व आशियातील पांढऱ्या मानेचा क्रौंच आणि ऑस्ट्रेलियातील ब्रोल्गा हे या प्रजातीतील अन्य सदस्य होत. त्यामुळे गोंदिया जिल्ह्यातील भातखाचरांत दिसणारा सारस हा सँडहिल क्रौंचाचा जवळचा नातेवाईक ठरतो. सारस मात्र दीर्घ पल्ल्याचे स्थलांतर करत नाही. स्थलांतराच्या दृष्टीने सँडहिल क्रौंचाची तुलना, मध्य आशिया व मंगोलियातून हिमालय ओलांडून भारतात येणाऱ्या करकोच्याशी करणे अधिक योग्य होईल.

‘सँडहिल’ हे नाव नेब्रास्कातील वाळूच्या टेकड्यांच्या प्रदेशावरून पडले. याच राज्यात सापडलेल्या सुमारे नव्वद लाख ते एक कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माच्या आधारे ही पृथ्वीवरील सर्वांत प्राचीन पक्षिजात असल्याचे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तो जीवाश्म दुसऱ्याच, मुकुटधारी क्रौंचांच्या गटातील पक्ष्याचा असल्याचे मानले जाते. सँडहिल क्रौंचाचा निर्विवाद असा सर्वांत जुना जीवाश्म फ्लोरिडात मिळाला असून तो सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीचा आहे. एका पक्षिजातीसाठी हाही काळ थोडा नाही.

या जातीच्या उपजातींपैकी फ्लोरिडा, मिसिसिपी आणि क्यूबा येथील उपजाती स्थलांतर करत नाहीत. मिसिसिपीतील उपजाती अतिशय दुर्मीळ असून तिच्यासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र अभयारण्य स्थापन झाले. स्थलांतर करणाऱ्यांत उत्तर ध्रुवीय प्रदेशात वीण करणारे लहान आणि दक्षिणेकडे वीण करणारे मोठे सँडहिल क्रौंच असे दोन ठळक प्रकार आहेत. गमतीची बाब अशी, की आकाराने लहान असलेल्यांचाच प्रवास अधिक लांबचा असतो.

ओळख

पूर्ण वाढ झालेला पक्षी राखाडी रंगाचा असतो. कपाळावर पिसे नसलेली लाल कातडी, पांढरे गाल, लांब काळे पाय आणि शेपटीवर झुकलेला पिसांचा झुबका ही त्याची लक्षणे आहेत. वजन उपजातीनुसार तीन ते सुमारे पाच किलोग्रॅम भरते. पंखांचा विस्तार दोन मीटरपर्यंत असतो. उन्हाळ्यात बऱ्याच पक्ष्यांचे अंग तांबूस दिसते. हा रंग पिसांचा नसून लोहयुक्त चिखलाचा असतो. पक्षी स्वतःच चोचीने हा चिखल पिसांवर माखतो. पहिल्या हिवाळ्यातील पिल्लांच्या डोक्यावर लाल कातडी नसते आणि मानेवर तपकिरी छटा असते, त्यामुळे थव्यात कुटुंबे वेगळी ओळखता येतात.

दुरून पाहणारे लोक या पक्ष्याची मोठ्या निळ्या बगळ्याशी गल्लत करतात. उडताना बगळा मान आखडून घेतो, तर क्रौंच मान सरळ पुढे ताणतो. एवढी एक खूण पुरेशी आहे. आवाज ऐकू आल्यास तीही लागत नाही. क्रौंचाची लांब श्वासनलिका छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, त्यामुळे त्याच्या खर्जातील घुमणाऱ्या हाकेला विलक्षण पल्ला लाभतो. ती चार किलोमीटरपर्यंत ऐकू येते. आकाशात ठिपकाही दिसत नसताना वरून येणारी ही हाक हीच हिवाळा आल्याची पहिली वर्दी असते.

स्थलांतर कसे घडते

क्रौंच हे मुख्यतः दिवसा प्रवास करतात. सकाळी जमीन तापू लागली, की वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या प्रवाहात ते घिरट्या घालत उंची गाठतात आणि मग पंख न हलवता पुढच्या प्रवाहापर्यंत तरंगत जातात. गिधाडे व गरुड वापरतात तेच हे तंत्र आहे. अनुकूल वारा असल्यास एका दिवसात ते काही शे किलोमीटर अंतर कापतात. प्रतिकूल वाऱ्यात किंवा पावसात मात्र प्रवास थांबवून शेतात उतरतात. म्हणूनच शरदात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली, की दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडील पाणथळींवर पक्ष्यांची संख्या एकदम वाढलेली दिसते. अनुभवी निरीक्षक कॅलेंडरपेक्षा हवामानाच्या नकाशाकडे अधिक लक्ष देतात, ते यामुळेच.

सर्वांत लांबचा प्रवास सायबेरियात जन्मलेल्या पक्ष्यांचा असतो. ते बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून अलास्कात येतात, तेथून कॅनडाच्या गव्हाळ मैदानांवरून खाली उतरतात आणि टेक्सास, न्यू मेक्सिको किंवा मेक्सिकोपर्यंत पोहोचतात. आशिया खंडात वीण करून अमेरिकेत हिवाळा घालवणाऱ्या मोजक्या पक्ष्यांपैकी हा एक आहे.

ही वाट पिल्लांना उपजत ठाऊक नसते. जोडी साधारणतः दोन अंडी घालते. त्यांतून बहुधा एकच पिल्लू उडण्याच्या वयापर्यंत टिकते. ते आईवडिलांसोबत पहिला हिवाळा काढते आणि त्याच प्रवासात वाट शिकते. या शिकण्याचे महत्त्व दोन प्रयोगांतून स्पष्ट झाले. १९७५ पासून आयडाहो राज्यातील ग्रेज लेक येथे, नामशेष होऊ घातलेल्या डांग्या क्रौंचाची अंडी सँडहिल क्रौंचांच्या घरट्यांत ठेवण्यात आली. पिल्ले वाढली, पालकांमागे न्यू मेक्सिकोपर्यंत गेली आणि परतही आली. स्थलांतर त्यांना पूर्णपणे साधले. परंतु स्वतःची जात कोणती हे त्यांना उमगले नाही. स्वजातीय जोडीदाराशी त्यांनी वीण केली नाही आणि प्रयोग थांबवावा लागला. दुसऱ्या प्रयोगात सँडहिल क्रौंचांनीच वाटाड्यांच्या प्रशिक्षणाची परीक्षा घेतली असे म्हणता येईल. २००० मध्ये अतिहलक्या विमानामागे त्यांचा एक थवा विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेण्यात आला. ते जमल्यावरच पुढील वर्षी डांग्या क्रौंचांची पिल्ले त्याच पद्धतीने नेण्याचे धाडस करण्यात आले.

हिवाळी मुक्कामाच्या जागी क्रौंचाच्या दोन गरजा असतात. रात्री उभे राहण्यासाठी घोट्याएवढे उथळ पाणी आणि दिवसा चरण्यासाठी जवळच कापणी झालेली शेते. उथळ पाण्यात कोयोट किंवा रानमांजर चालत आले, तर पाण्याच्या आवाजाने थवा सावध होतो. शेतात सांडलेले मक्याचे व ज्वारीचे दाणे हे आज त्यांचे मुख्य हिवाळी अन्न आहे. पाणी आणि शेत यांपैकी एक नाहीसे झाले, तर दुसरे असूनही पक्षी थांबत नाहीत.

हिवाळी मुक्कामाची ठिकाणे

पक्षी पाहण्यासाठी सर्वाधिक नावाजलेले ठिकाण म्हणजे न्यू मेक्सिकोतील बॉस्के देल अपाचे राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य. रिओ ग्रान्दे नदीच्या काठी, सॅन अँटोनिओ या लहान गावाजवळ ते १९३९ मध्ये स्थापन झाले. १९४१ मध्ये तेथे केवळ १७ क्रौंच नोंदवले गेले होते. आज दर हिवाळ्यात हजारो येतात. रॉकी पर्वतरांगांत वीण करणाऱ्या मोठ्या सँडहिल क्रौंचांचा हा प्रमुख हिवाळी प्रदेश आहे. ही भूमी दिसते तितकी नैसर्गिक नाही. नदीवरील धरणांमुळे पूर येणे थांबल्यावर अभयारण्याने कालवे आणि बांध यांच्या साहाय्याने तळी भरण्याची व उपसण्याची पद्धत बसवली. पक्ष्यांसाठी मका पेरला जातो आणि हिवाळाभर तो टप्प्याटप्प्याने आडवा केला जातो. यामुळे क्रौंच आसपासच्या शेतकऱ्यांच्या पिकांपासून दूर राहतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ येथे भेटीसाठी उत्तम असतो.

बॉस्केमध्ये पहाटे दोन वेगळी दृश्ये दिसतात. हिमहंसांचा प्रचंड थवा एकाच क्षणी गर्जनेसारखा आवाज करत उठतो. क्रौंच मात्र घाई करत नाहीत. ते गोठलेल्या पाण्यावरून जपून पावले टाकतात, दोन-चारांच्या कुटुंबाने एका बाजूला येतात, मान पुढे ताणून क्षणभर झुकतात आणि मग धावत उडतात. मान ताणली, की काही सेकंदांत उड्डाण होणार हे ओळखून छायाचित्रकार तयार राहतात.

प्रसिद्धी बॉस्केला लाभली असली, तरी संख्येच्या दृष्टीने पाहता क्रौंचांचे खरे हिवाळी घर पश्चिम टेक्सास आहे. तेथील सपाट पठारावर ‘प्लाया’ म्हणून ओळखली जाणारी, पावसाने भरणारी बशीसारखी उथळ तळी व काही खारट सरोवरे आहेत. म्यूलशू हे १९३५ मध्ये स्थापन झालेले टेक्सासमधील सर्वांत जुने राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य याच भागात येते. फेब्रुवारी १९८१ मध्ये येथे अडीच लाख क्रौंचांची नोंद झाली होती. पण पाऊस न पडलेल्या वर्षी सरोवरे कोरडी पडतात आणि क्रौंच अन्यत्र जातात. सिंचनासाठी भूजलाचा उपसा वाढल्याने या सरोवरांना पाणी पुरवणारे अनेक झरे आटले आहेत. म्यूलशूला जाण्यापूर्वी पाण्याची स्थिती विचारून घेणे आवश्यक ठरते. अडीच लाखांचा तो आकडा वाचून गेलेल्यास पांढऱ्या मिठाचे कोरडे मैदानही पाहावे लागू शकते.

ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, मॅक्नील गावाजवळील व्हाइटवॉटर ड्रॉ हे ठिकाण तुलनेने नवे आहे. राज्याच्या वन्यजीव विभागाने १९९७ मध्ये ही जमीन घेतली. येथे पक्षी सकाळी चरायला जाऊन दुपारच्या सुमारास पुन्हा तळ्यावर परततात. त्यामुळे ज्यांना पहाटेची थंडी झेपत नाही, त्यांनाही हजारो क्रौंच उतरताना पाहता येतात. ही सोय अन्यत्र क्वचितच मिळते. जवळच्या विलकॉक्स गावी जानेवारीत पक्षिमहोत्सव भरतो.

कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात लोडाय शहराभोवतीची शेते, कोसुम्नेस नदीचे राखीव क्षेत्र आणि दक्षिणेकडील मर्सेड अभयारण्य येथे ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात क्रौंच दिसतात. कापणीनंतर पाणी सोडलेली भाताची व मक्याची शेते येथे पाणथळीचे काम करतात. जेथे अशा शेतांच्या जागी द्राक्षाचे मळे किंवा फळबागा उभ्या राहिल्या, तेथून क्रौंच हटले. द्राक्षमळा माणसाला हिरवा दिसला, तरी उघड्या जमिनीवर दूरवर नजर ठेवू पाहणाऱ्या पक्ष्याला तो निरुपयोगी असतो.

पूर्वेकडील क्रौंचांची कथा निराळी आहे. शिकार आणि पाणथळींचा निचरा यांमुळे १९३०च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये जेमतेम २५ जोड्या उरल्या होत्या. पर्यावरणविचारवंत आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ मध्ये लिहिलेला क्रौंचांविषयीचा निबंध या पार्श्वभूमीवरचा आहे; त्यांना हा पक्षी राज्यातून जाईल अशीच भीती होती. तसे झाले नाही. आज पूर्वेकडील थव्यांची संख्या कित्येक हजारांत मोजली जाते. शरदात हे पक्षी इंडियानातील जॅस्पर-पुलास्की येथे गोळा होतात. नोव्हेंबरच्या मध्यास तेथील संख्या सर्वोच्च असते. सूर्यास्तापूर्वी सर्व दिशांनी आलेले थवे आधी एका मोठ्या कुरणात उतरतात, तेथे नाचतात, भांडतात आणि अंधार पडू लागल्यावर दलदलीतील रातथाऱ्याकडे जातात. तेथून पुढे टेनेसीतील हायवॉसी आश्रयस्थान आणि अलाबामातील डिकेटरजवळचे व्हीलर अभयारण्य ही हिवाळी मुक्कामाची ठिकाणे आहेत. दोन्हीकडे जानेवारीत क्रौंचमहोत्सव होतात आणि राखाडी थव्यांत एखाद-दुसरा पांढराशुभ्र डांग्या क्रौंचही दिसू शकतो. फ्लोरिडात गेन्सव्हिलजवळील पेन्स प्रेअरी येथे उत्तरेकडून आलेले आणि तेथेच बारमाही राहणारे क्रौंच हिवाळ्यात एकत्र चरतात. नुसत्या नजरेने त्यांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य असते.

परतीचा थांबा: प्लॅट नदी

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत जगातील सँडहिल क्रौंचांपैकी सुमारे ८० टक्के पक्षी नेब्रास्कातील प्लॅट नदीच्या सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या पट्ट्यात टप्प्याटप्प्याने येऊन जातात. मार्चच्या उत्तरार्धात एका वेळची संख्या अलीकडच्या वर्षांत सहा लाखांहून अधिक नोंदली गेली आहे. मक्याच्या शेतांत चरून पक्षी येथे आपले वजन सुमारे एक पंचमांशाने वाढवतात. उत्तरेत पोहोचतील तेव्हा जमीन अजून गोठलेली असते, म्हणून वीण सुरू करण्यासाठी हीच साठवलेली चरबी उपयोगी पडते.

पूर्वी प्लॅट नदी रुंद, उथळ व वाळूच्या पट्ट्यांनी विणलेली होती. कोलोरॅडो व वायोमिंगमधील धरणे आणि सिंचनाचे कालवे यांनी तिचे बहुतांश पाणी वळवले. वसंतातील पूर थांबल्यावर वाळूवर झाडे रुजली आणि पात्र अरुंद झाले. क्रौंचांना झाडीने वेढलेला पाण्याचा पट्टा नको असतो. त्यामुळे पूर्वीच्या तुलनेत बऱ्याच कमी लांबीत ते दाटीने राहू लागले. वायोमिंगमधील ग्रेरॉक्स धरणावरून झालेल्या न्यायालयीन वादाच्या तडजोडीतून १९७८ मध्ये ७५ लाख डॉलरचा निधी मिळाला आणि त्यातून क्रेन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. पुढे २००७ मध्ये तिन्ही राज्ये आणि केंद्र सरकार यांनी नदीच्या पुनरुज्जीवनाचा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. आज पात्रातील झाडोरा ट्रॅक्टर लावून काढावा लागतो. जे काम पूर करीत असे, ते आता यंत्रे करतात.

प्रत्यक्ष दर्शनासाठी गिबन गावाजवळील रो अभयारण्य (स्थापना १९७४), क्रेन ट्रस्टचे केंद्र आणि फोर्ट कर्नी येथील जुना रेल्वेपूल ही ठिकाणे सोयीची आहेत. रो अभयारण्यात नदीकाठच्या लाकडी लपणगृहांतून पहाटे व संध्याकाळी पक्षी दाखवले जातात. लपणगृहात अंधारातच जाऊन बसावे लागते आणि थवे उडून जाईपर्यंत बाहेर पडता येत नाही.

रॉकी पर्वतातील क्रौंच मात्र प्लॅट नदीवर येत नाहीत. बॉस्केहून परतताना त्यांचा थांबा कोलोरॅडोतील सॅन लुईस खोऱ्यात असतो. मॉन्टे व्हिस्टा येथे मार्चमध्ये त्यांच्यासाठी महोत्सव भरतो.

शिकार, शेती आणि अन्य धोके

१९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात झालेल्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कराराने क्रौंचांची शिकार थांबली. १९६१ पासून ती मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाली आणि आज मध्य भागातील बहुतेक राज्यांत परवान्याने चालते. नेब्रास्काने ती कधीच खुली केली नाही. केंटकीने २०११ मध्ये, टेनेसीने २०१३ मध्ये आणि अलाबामाने २०१९ मध्ये शिकारीला अनुमती दिल्यावर पूर्वेकडे मोठा वाद झाला. संख्या वाढली असल्याने मर्यादित शिकार झेपेल, असे वन्यजीव विभागांचे म्हणणे आहे. दोन ते सात वर्षांच्या वयात वीण सुरू करणारा आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू वाढवणारा पक्षी बदकांच्या मापाने मोजता येत नाही, हा विरोधकांचा आक्षेप आहे. हा आक्षेप जीवशास्त्राच्या दृष्टीने बिनतोड असला, तरी आजवर शिकारीने एकूण संख्या घटल्याचे दिसलेले नाही, हेही नमूद करावे लागेल.

शेतकऱ्यांची तक्रार वसंतात असते. विस्कॉन्सिनमध्ये क्रौंच नुकते रुजलेले मक्याचे दाणे ओळीने उकरून खातात. पक्ष्यांना हाकलले, तर ते शेजारच्या शेतात जातात. म्हणून बियाण्याला अँथ्राक्विनोन हे चवीला अप्रिय द्रव्य चोळण्याचा उपाय काढण्यात आला. क्रौंच मग तेच शेत सोडत नाहीत. केवळ बियाणे सोडून किडे व सांडलेले दाणे खातात. १९७३ मध्ये बाराबू येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाने या उपायाचा पाठपुरावा केला.

दाटीने राहण्याची सवय रोगांच्या दृष्टीने धोक्याची आहे. १९८०च्या दशकात टेक्सास-न्यू मेक्सिको सीमेवर शेतात उरलेल्या भुईमुगाच्या शेंगांवरील बुरशीच्या विषाने हजारो क्रौंच मेले. २०२५च्या सुरुवातीला इंडियानात बर्ड फ्लूने मोठ्या संख्येने क्रौंच दगावले. धुक्यात किंवा संधिप्रकाशात विजेच्या तारांना धडकूनही अनेक पक्षी मरतात. रो अभयारण्याजवळील एका वाहिनीवर २०१८ मध्ये माणसाच्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे, अतिनील छटेचे दिवे लावून पाहण्यात आले, तेव्हा धडकांचे प्रमाण ९८ टक्क्यांनी घटले.

सौम्य हिवाळ्यांमुळे पूर्वेकडील अनेक थवे आता फ्लोरिडापर्यंत न जाता टेनेसी, केंटकी किंवा इंडियानातच हिवाळा काढतात. निरीक्षणस्थळांविषयीच्या जुन्या पुस्तकांतील तारखा व संख्या त्यामुळे कालबाह्य होत आहेत. भेटीपूर्वी संबंधित अभयारण्याची त्या आठवड्यातील गणना पाहणे इष्ट असते. बहुतेक मोठी अभयारण्ये हंगामात अशी गणना प्रसिद्ध करतात. पाहणाऱ्यांनी रस्त्यावर वाहनातच थांबावे, कारण क्रौंच मोटारीला सहसा बिचकत नाहीत, परंतु दार उघडून माणूस खाली उतरला, की अर्धा किलोमीटर दूर असलेला थवाही उठतो.